‘सध्या काय ऐकतेस?’ आणि रविवारचं खोटं उत्तर

पत्र थोडक्यात:

सावंतवाडी तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ४३. काजूच्या कारखान्यात हिशेब आणि ग्रेडिंगच्या टेबलाची देखरेख अशी दोन्ही कामं त्यांच्याकडे आहेत. रत्नागिरीला कॉलेजात असताना वसतिगृहात एकत्र राहिलेल्या मैत्रिणींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एक पुण्यात, दोघी मुंबईत, एक बंगळूरला, एक टोरांटोला. लॉकडाऊनमध्ये ग्रुपवर प्रथा पडली की दर रविवारी प्रत्येकीने ‘सध्या काय ऐकतेय’ ते दोन ओळींत लिहायचं. कुणी जॅझ लिहायची, कुणी कोरियन बँड, कुणी नव्या मुलामुलींचे इंडी अल्बम. ताईंनी पहिल्याच रविवारी ॲपवर समोर आलेलं एक नाव ठोकून दिलं. ते खपलं. तेव्हापासून शनिवारी रात्री नाव शोधायचं, मिनिटभर ऐकायचं, दोन ओळी जुळवायच्या हा नेम झालाय. आता ग्रुपवर ‘हिचा कान वेगळाच’ अशी ख्याती आहे. प्रत्यक्षात त्या दिवसभर ऐकतात ती डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. टेबलावरच्या बायका मोबाइलवर लावतात, मधूनच कुणीतरी ‘आवाज वाढय गो जरा’ म्हणतं, आणि घरी आल्यावरही ताई तीच लावतात.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्या मैत्रिणी त्यांच्याकडे राहायला येणार आहेत. पुण्याच्या मैत्रिणीने परस्पर जाहीर केलंय की एक संध्याकाळ हिची, ही लावेल ते आपण ऐकायचं. अकरावीतली मुलगी म्हणते, ‘आई, तू फेक आहेस.’ नवरा म्हणतो, हसून सोडून दे. ताई विचारतात: काहीतरी कारण काढून बेत रद्द करू? तोवर बसून खरंच अभ्यास करू? की सगळं कबूल करून मोकळी होऊ? आणि शेवटी, ‘मला चांगलं संगीत कळतच नाही, हे एकदा मान्य केलं की सुटेन का?’

उत्तर:

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे तिन्ही त्याच्याच खांद्यावर बसलेत. चांगलं संगीत कळत नाही असं तुम्ही लिहिलंत, आणि त्याच पत्रात जाता जाता हेही लिहिलंत: कारखान्यात लावलेल्या एका बारीत गजर चढत गेला, पखवाजवाला बुवांच्या आधीच सुटला, झांज मागे राहिली, बुवांनी गाणं थांबवलं नाही, पेटीवर एकच सूर धरून ठेवला आणि दोन आवर्तनांत दोघांनाही जागेवर आणलं. हे तुम्ही स्वतःविरुद्धची तक्रार म्हणून लिहिलंय. ‘असलंच काहीतरी माझ्या लक्षात राहतं, मैत्रिणींसारखं शब्दांबद्दल, मूडबद्दल लिहिता येत नाही.’ अहो, लय कुठे सुटली, कुणाची सुटली आणि कुणी सावरली हे ज्या कानाला काजू निवडता निवडता कळतं, त्या कानाबद्दल आपण बोलतोय. फी भरून क्लासला जाणाऱ्या मुलांना हे ऐकू यायला काही वर्षं जावी लागतात.

मग अडलंय कुठे? तुमच्याच कामातलं उदाहरण घेते. डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० हे आकडे एका पौंडात किती अख्खे गर बसतात ते सांगतात. म्हणजे आकडा आकाराचा आहे, चवीचा नाही. पाकळी झालेला काजू तितकाच गोड लागतो, भाव मात्र पडतो, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत. गाण्यांनाही तुम्ही अशीच ग्रेड लावून ठेवलीय, आणि ती तर आकाराचीही नाही. गाणं कुठून आलं यावर ती ठरते. टोरांटोहून आलं तर वरच्या डब्यात, आकेरी-माणगावच्या बाजूने आलं तर कणीत.

डबलबारी कधीच न पाहिलेल्या वाचकांसाठी जरा सांगते, कारण या सदराला मराठवाड्यातूनही पत्रं येतात. दोन बुवा, दोघांची दोन भजन मंडळं, समोरासमोर. एकाने आपली बारी संपवायची, मग दुसऱ्याने. वंदनेने सुरुवात, रूपाचा अभंग, मग अभंग, गजर, गौळण. मधेच एक बुवा पुराणातला एखादा प्रश्न टाकतो आणि दुसऱ्याने तो पुढच्या बारीत गाऊन, बोलून सोडवायचा. पत्रकावर ‘भजनाचा जंगी सामना’ असंच छापलेलं असतं. साथीला पेटी, पखवाज, तबला, झांज आणि मागे कोरस. पखवाजवाला बसल्या बसल्या पहिलं काम करतो ते कणीक मळण्याचं. डाव्या पुडीवर ओल्या कणकेचा गोळा थापून, बोटाने थोडा काढत, थोडा परत लावत तो धुमाचा, म्हणजे त्या डाव्या बाजूचा, आवाज खाली आणतो. रात्र चढते तशी कणीक वाळते, आवाज चढतो, आणि दोन बाऱ्यांच्या मधल्या वेळात तो पुन्हा बोटं ओली करून बसतो. गर्दी तेव्हा चहाच्या टपरीवर असते, म्हणून बऱ्याच जणांच्या हे नजरेतून सुटतं.

तुमचा एक आक्षेप पत्रात आहे: ‘पण त्यात सिनेमाच्या चाली असतात, ते काय खरं संगीत?’ चाल उचलण्यावरून संगीत खोटं ठरवायचं तर आधी आपल्या नाट्यसंगीताला दाराबाहेर उभं करावं लागेल. १९११ सालच्या ‘संगीत मानापमान’च्या पदांना गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, त्यात उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाच्या कितीतरी होत्या. १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी रागदारीतल्या चिजांवर पदं बसवली. आज तीच पदं आपण डोळे मिटून, मान हलवून ऐकतो. चाल कुठून आणली यापेक्षा आणून तिचं काय केलं हे महत्त्वाचं. एखादा बुवा सिनेमाची चाल घेतो आणि नुसती शब्दांची अदलाबदल करून मोकळा होतो. ते कंटाळवाणंच असतं. दुसरा तीच चाल भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत बसवताना मूळ गाण्यातली जागा हळूच पुढे सरकवतो आणि समेवर असा येतो की समोरचं मंडळही ‘वा’ म्हणून जातं. दोघांतला फरक तुम्हाला ऐकू येतो. तुमच्या पत्रात तो दोन ठिकाणी लिहिलेला आहे.

आणि मैत्रिणींचा प्रश्न ‘सध्या’चा आहे ना? मग याहून ताजं काय असणार? समोरच्याने आत्ता विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बुवा तासाभरात गाऊन देतो. तुमची बंगळूरची मैत्रीण ज्या अल्बमबद्दल लिहिते तो बाजारात येईपर्यंत काही महिने तरी शिळा झालेला असतो. (हे वाक्य तिला दाखवू नका.)

डबलबारीची आरती ओवाळायला मात्र मी बसलेली नाही. बुवांची टोलेबाजी कधी कधी पातळी सोडते, विशेषतः बायकांवरून केलेले विनोद मला ऐकवत नाहीत. साउंडवाला स्पीकरच्या भिंती उभारतो तेव्हा पखवाजाचा घुमारा मरतो आणि नुसता धमाका उरतो. हे आवडत नाही असं म्हणण्याचा हक्कही आपलं संगीत म्हणून ऐकणाऱ्यालाच जास्त असतो.

वरच्या-खालच्या ग्रेडबद्दल अजून एकच गोष्ट. १९७७ साली ‘नासा’ने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, तिच्यात जगभरचं सुमारे ९० मिनिटांचं संगीत. बाख आहे, बेथोवन आहे, चक बेरीचं रॉक अँड रोल आहे, पेरूमधल्या वेळूच्या पाव्यांचा तुकडा आहे, आफ्रिकेतल्या पिग्मी मुलींचं गाणं आहे. आणि गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तेरेखोलची खाडी ओलांडली की ज्या मुलखात आपण पोचतो, तिथल्या बाई. ती तबकडी भरणाऱ्यांनी बेथोवनच्या पुढे पिग्मी मुलींना मागच्या रांगेत बसवलं नाही. तुमच्या रविवारच्या ग्रुपवर ते जमत नसेल, तर मागच्या रांगेत बसवण्याचं काम ग्रुपने केलंय की तुम्ही स्वतः, हे एकदा तपासा. मैत्रिणींपैकी कुणी डबलबारीला नाक मुरडल्याचं पत्रात कुठेच नाही. कारण ती त्यांच्या कानांवर तुम्ही जाऊच दिलेली नाही.

आता तुमच्या खोटेपणाकडे. थोडं हसून बघू, कारण हा काही पतसंस्थेतला घोटाळा नाही. स्पॉटिफायच्या हिशेबात गाणं ३० सेकंद वाजलं की ते ‘ऐकलं’ म्हणून मोजलं जातं. तुम्ही मिनिटभर ऐकत होतात, म्हणजे कंपनीच्या नियमाने तुम्ही दुप्पट प्रामाणिक निघालात.

पण खरं सांगू का, तुमच्या सगळ्या नोंदी खोट्या नाहीतच. मागच्या पावसाळ्यात तुम्ही ग्रुपवर माली देशातल्या ‘कोरा’ या वाद्याबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. तुमानी दियाबाते यांचं वादन, जे २०२४ मध्ये वारले. नेहमीप्रमाणे मिनिटभर ऐकायला लावलं, आणि नंतर कित्येक रात्री स्वयंपाक आवरताना तेच लावत राहिलात. एकदा त्या नादात पाकळी डब्ल्यू-२४० च्या ढिगात टाकलीत, असंही लिहिलंय. आणि पुढे लगेच: ‘पण ते मी खोटं लिहिण्यासाठी शोधलं होतं, म्हणून धरत नाही.’

का धरत नाही? चांगली गाणी भलत्याच कारणांनी भेटतात. कुणाला लग्नातल्या बँडवर, कुणाला एसटीत ड्रायव्हरने लावली म्हणून, कुणाला ज्या मुलीवर प्रेम होतं तिला आवडत होतं म्हणून. कोरा म्हणजे अर्धा कापलेला भोपळा, त्यावर ताणून बसवलेलं गाईचं कातडं आणि २१ तारा. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी एवढ्यावर सगळा खेळ. वाजवणारे बहुतेक पिढीजात, घराण्यांच्या वंशावळी आणि जुन्या हकिकती गाऊन सांगणारे. रात्रभर पुराणातल्या वंशावळी ऐकत वाढलेल्या बाईला ते आवडलं, यात मला नवल वाटत नाही. तुम्हाला ते ‘नवं’ म्हणून आवडलेलं नाही, ओळखीचं वाटलं म्हणून आवडलं असणार. तुमच्या दोन आवडींमध्ये तुम्ही उभारलेली भिंत मला तरी दिसत नाही.

हे खोटं बोलायची पाळी एवढ्या सहज का येते, याचाही विचार करू, कारण असं पत्र तुमचं एकटीचं नाही. पूर्वी कोण काय ऐकतंय हे विचारावं लागत नव्हतं. १९५२ साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री अमीन सायानींचा आवाज एका घरात लागला की तो आळीभर ऐकू जायचा. हॉटेलात, सलूनमध्ये, वाडीत गाणं सगळ्यांचं असायचं. आवडलं नाही तरी कानावर पडायचं. आता प्रत्येकाच्या कानात इअरफोनचं वेगळं बोंडुक आहे, म्हणून ऐकलेलं सांगावं लागतं. सांगावं लागलं की सजवावंसं वाटतं. त्यातून वर्षाच्या शेवटी ॲप आपल्या ऐकण्याचा रंगीत हिशेब मांडतं आणि खाली ‘शेअर करा’ असं बटण देतं. माझा अंदाज आहे, तुमच्या ग्रुपवर मिनिटभर ऐकून लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या नसाल. तो अंदाज चुकीचाही असू दे, त्यावर काही अवलंबून नाही.

तुमच्या तीन वाटा बघू.

बेत रद्द करणं तर सोडूनच द्या. सासूबाईंची तब्येत किंवा घराची दुरुस्ती असं कारण काढाल, मग ते खोटं सांभाळायला आणखी एक लागेल. शिवाय इतक्या वर्षांनी सगळ्या एकत्र येतायत, त्या काही तुमची प्लेलिस्ट तपासायला येत नाहीत.

अभ्यासाची कल्पना मला अर्धी आवडली. नवीन ऐकण्यात काहीच वाईट नाही, पण परीक्षेची घोकंपट्टी केलीत तर जॅझचाही कंटाळा येईल आणि मैत्रिणींचाही. आणि त्या संध्याकाळी तुम्ही गाणं ऐकणार नाही, त्यांचे चेहरे बघत बसाल.

राहिलं कबूल करणं. ते करा, पण त्याचा समारंभ नको. लांबलचक माफीनामा वाचला की लोकांना तुमची समजूत काढत बसावं लागतं आणि विषय तुमच्या अपराधी वाटण्यावर जातो. येत्या रविवारी प्रश्नाचं खरं उत्तर द्या, बस्स. काहीसं असं:

‘या रविवारी खरं लिहिते. मी दिवसभर डबलबारी ऐकते, कारखान्यातही आणि घरीही. आधी लिहिलेल्यातलं बरंचसं मिनिटभर ऐकून लिहिलं होतं, तुमच्यापुढे कमी पडेन असं वाटायचं म्हणून. कोरा मात्र मनापासून आवडला, तो अजून ऐकते. मेमध्ये या, दोन्ही लावते.’

पुण्याच्या मैत्रिणीला मात्र हे ग्रुपवर वाचायला लावू नका. तिने चारचौघींत तुमची तारीफ केलीय, संध्याकाळ तुमच्या नावावर लिहून दिलीय. तिला आदल्या दिवशी फोन करा. ती चिडली तर दोन दिवस चिडू दे. तुमच्यामुळे तिने जे ऐकलं ते तिने खरंच ऐकलं असेल, तर तिचं नुकसान काही झालेलं नाही. उलट तिच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त जमा आहे.

नवऱ्याचं ‘हसून सोडून दे’ ठीक आहे, पण मुलीचं ‘फेक’ मी इतक्या सहज सोडणार नाही. ती काय बघते? आई संध्याकाळी बुवांच्या गौळणीवर कणीक मळताना ठेका धरते, आणि शनिवारी रात्री फोनवर दुसऱ्याच कुणाचं नाव लिहिते. त्यातून तिच्यापर्यंत पोचतं ते एवढंच की आपल्या घरात वाजतं ते बाहेर सांगण्यासारखं नाही. टेबलावरच्या बायकांनाही कधी हे कळलं, तर त्यांनाही तेच वाटेल. मला विचाराल तर ग्रुपपेक्षा या दोन ठिकाणी तुमचं उत्तर जास्त मोलाचं आहे. मुलीला सांगा की ती म्हणाली ते बरोबर होतं. आणि मेच्या संध्याकाळी एक गाणं तिच्याही वाट्याला ठेवा, ती जे ऐकते त्यातलं. तिचं कोरियन गाणं तुम्हाला आवडतं पण तिच्यापुढे कबूल करत नाही, असं पत्राच्या कोपऱ्यात लिहिलंय तुम्ही. किती लपवाछपवी ताई!

आता त्या संध्याकाळीबद्दल. मेमध्ये चाकरमानी गावात असतात, पूजा आणि वर्धापनदिनांच्या निमित्ताने कुठे ना कुठे सामना लागलेला असतो. जवळपास असेल तर मैत्रिणींना घेऊन जा, पण वेळ आधी विचारून घ्या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सण-कार्यक्रमांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. त्यामुळे सामना ‘रात्रभर’ म्हणून जेवून निवांत निघालात आणि पोचलात तेव्हा भैरवी चालू, असं व्हायचं. पखवाजाच्या बाजूला बसा, स्पीकरच्या समोर नको. आणि मैत्रिणींना सारखं समजावून सांगत बसू नका. पहिली बारी त्यांना नीट लागणारच नाही, शब्द निसटतील, हसू कशाचं आलं ते कळणार नाही. राहू दे. दुसऱ्या बारीला झांज चढली की त्यांचे हात आपोआप मांडीवर पडतील. नाही पडले तरी काही बिघडत नाही. एखादी कंटाळून चहा प्यायला उठेल, तिला उठू द्या.

सामना नसला तर घरीच करा. पडवीत एक स्पीकर, सगळ्यांचे फोन आत. प्रत्येकीने एकच गोष्ट लावायची आणि ती पूर्ण ऐकायची. नाव आधी सांगायचं नाही. ऐकून झाल्यावर सांगायचं. नाव आधी कळलं की आपण नावाला दाद देतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुमची पाळी आली की अख्खा गजर लावा, संथ सुरुवातीपासून. मधूनच सुरू केलात तर नुसता गोंधळ वाटेल. टेबलावरच्या बायकांपैकी दोघी-तिघींना बोलवायचा विचार असेल तर पाहुण्या म्हणून बोलवा. त्यांना ‘जरा म्हणून दाखवा’ असं मैत्रिणींसमोर उभं करू नका. त्यांना वाटलं तर त्या म्हणतील, आणि मग थांबणार नाहीत.

तुमच्यासारख्या इतरांसाठीही चार गोष्टी. नवीन ऐकावंसं वाटत असेल तर ॲपच्या भरवशावर राहू नका. ते तुम्ही काल ऐकलं त्याचंच भावंड आज पुढे करतं. ज्याच्या कानावर विश्वास आहे अशा माणसाला विचारा, ‘तुला आवडलेलं एकच सांग आणि का ते सांग.’ एकदा ऐकून निकाल देऊ नका. रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडू लागते. म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीनदा ऐका. तरीही नाही भावलं तर खुशाल सोडा. स्पॉटिफायवर खासगी सत्राची सोय आहे. ती चालू केली की आपण काय ऐकतोय ते ओळखीच्यांना दिसत नाही, लाजत-काजत ऐकणाऱ्यांना ती बरी पडते. आणि कारखान्यात यंत्रांच्या आवाजात इअरफोन लावणाऱ्यांनी जपा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबल झालं की तेच ४ तासांवर येतं. बाहेरचा आवाज दाबायला आपण जो आवाज वाढवतो तो याच दिशेने जातो. तुमच्या टेबलावर मोबाइल मधे ठेवून सगळ्या ऐकतात, तेच बरं.

उलट्या बाजूचीही पत्रं येतात: साठीच्या पुढचे काका लिहितात की आमच्या वेळेनंतर गाणं उरलंच नाही. साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांपर्यंत ऐकलेली गाणी सगळ्यांच्याच मनात सर्वात खोल रुततात, हे अभ्यासकांनी पुष्कळदा तपासलंय. म्हणजे काका, ते तुमच्या वेळेचं मोठेपण नसून तुमच्या वयाचं आहे. नातवाच्याही बाबतीत तेच होणार आहे आणि तोही चाळीस वर्षांनी मला, म्हणजे तेव्हा जे कोणी असेल त्याला, असंच पत्र लिहील.

शेवटी ताई, तारखेचं बघा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, आणि मे महिन्याची सावंतवाडी-कुडाळची तिकिटं किती मिनिटं टिकतात ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे मेच्या दुसऱ्या आठवड्यासाठी मैत्रिणी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फोन हातात घेऊन बसणार. तुमचा संदेश त्याआधीच्या रविवारी जाऊ द्या. आणि परतीचं तिकीट सामन्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या गाडीचं काढू नका म्हणावं, कुणीही वेळेवर उठणार नाही.